दाराखालून आलेली चिठ्ठी

१४ जून, शनिवार. शाळा सोमवारी उघडणार होती. कळंबच्या माझ्या खोलीत मी हजेरीपत्रक, लाल पेन आणि पाण्याचा तांब्या घेऊन बसले होते आणि एकेका पालकाला फोन लावत होते. सदतीस नंबर होते. प्रत्येकाला तेच विचारायचं. हा नंबर अजून तुमचाच आहे ना? फोन घरात कुणाच्या हातात असतो? मूल फोन बघतं तेव्हा जवळ मोठं माणूस कोण असतं?

ऐकायला हे काम बिनडोक वाटतं. एका वाक्याचं काम, पण गावाकडं एका वाक्यात काही होत नाही. कुणाला पेरणीचं सांगायचं असतं, कुणाला शिष्यवृत्तीचं विचारायचं असतं. तिसरीतल्या एका मुलीच्या वडिलांच्या नंबरावर तर लातूरकडचा कुणी बँजो पार्टीवाला निघाला.

"तारीख बोला मॅडम," तो म्हणाला.

"सोळा जून. पण मी..."

"सोळा मोकळी हाय. वरात का हळद?"

"शाळा उघडतेय."

"शाळंला बी बँजो लावायलेत का आता?"

मी त्याला समजावून सांगितलं, त्याची माफी मागितली आणि तो नंबर लाल पेनानं खोडला. हसू आलं होतं, पण फार वेळ टिकलं नाही. आदल्या वर्षीच्या जूनमध्ये मी असे सगळे फोन लावले असते तर हजेरीतलं शेवटचं नाव, पायलचं, असं अधांतरी राहिलं नसतं. ते नाव पाचवीच्या यादीत मी लिहिलं होतं. ती येणार की नाही हे मला माहीत नव्हतं. तिचा नंबर मी मुद्दाम शेवटी ठेवला होता.

आता आधी माझं काम सांगते. मी कळंब तालुक्यातल्या एका लहान गावात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेवर शिक्षिका आहे. शाळा पाचवीपर्यंत, शिक्षक दोन. पहिली-दुसरी मुख्याध्यापक स्वामी सरांकडं, तिसरी-चौथी-पाचवी माझ्याकडं. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली, मुलगी पुण्यात नोकरीला आहे, तिचा फोन रविवारी येतो. रोज स्कूटीवर जाऊन-येऊन करते. एवढं पुरे.

लॉकडाऊनमध्ये घरोघरी फोन आले आणि शाळा उघडल्यावर ते गेले नाहीत. मग धाराशिवला दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं, मुलांना इंटरनेटवर सुरक्षित कसं ठेवायचं त्याचं. तालुक्यातून कुणीतरी पाठवायचं म्हणून मला पाठवलं. साहेब पडद्यावर दाखवत होते : मुलांनी आपला पासवर्ड अवघड ठेवावा, आपलं खरं वय टाकावं, अनोळखी व्यक्तीशी बोलू नये. मी सगळं वहीत उतरवून घेतलं आणि सोमवारी वर्गात सांगायला उभी राहिले तेव्हा कळलं, यातलं आमच्या पोरांना काहीच लागू नाही.

आमच्या गावात मुलाचा असा फोन नसतो. फोन घराचा असतो. त्याचा पासवर्ड म्हणजे पडद्यावर बोटानं काढायची एक रेघ, ती गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. वय बापाचं टाकलेलं असतं. म्हणजे नऊ वर्षांची पोर फोन बघत असते आणि फोनला वाटतं की अडतीस वर्षांचा ट्रॅक्टर ड्रायव्हर बघतोय. मग तो तिला ड्रायव्हरला दाखवायचं ते दाखवतो.

तरी पासवर्डचा धडा मी दिला. चौथ्या दिवशी तिसरीतल्या एका मुलाचे आजोबा काठी आपटत व्हरांड्यात आले.

"मॅडम, तुमी पोराला काय शिकवलं?"

"का, काय झालं?"

"मी फोन मागितला तर म्हणतोय पासवर्ड कुणालाबी सांगायचा न्हाय, मॅडमनी सांगितलंय. फोन माझा, कार्ड माझं, अन् दोन दिस झाले बाजारभाव बघायचं बंद हाय!"

त्यांच्या नातवानं रेघ बदलली होती. मी त्याला बोलावून ती आजोबांना दाखवायला लावली. जाताना आजोबा म्हणाले, "अक्षर काढायचं शिकवा आधी. रेघा त्यांला येतात."

खरी अडचण 'अनोळखी' या शब्दाची होती. मी वर्गात विचारलं, अनोळखी माणूस म्हणजे कोण? मग एक जण म्हणाला, "बाई, आपल्या गावात अनोळखी कुणीच न्हाय." मी म्हटलं, समजा बाहेरगावचा, कधीच न पाहिलेला माणूस तुझ्या दारात आला. काय करशील? सगळा वर्ग एका सुरात : "पाणी देऊ!"

त्या दिवशी मी वही मिटली. बरोबरच होतं त्यांचं. दारात आलेल्या माणसाला पाणी द्यायचं, 'या' म्हणायचं, मामा-काका म्हणायचं, विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायचं, हे आम्हीच त्यांना चालता येऊ लागल्यापासून शिकवतो. तेच मूल फोनवर 'कोण?' असा मेसेज आला की निमूट आपलं नाव-गाव लिहून पाठवतं. ते बावळट नसतं. ते सभ्य असतं.

म्हणून मी पडद्यावरचं सगळं सोडून दाराचा खेळ काढला. आमच्या वर्गाला लोखंडी दार आहे आणि खाली बोटभर फट आहे. एका मुलाला आत ठेवायचं, दार लावायचं. बाहेर कोण उभं आहे ते त्याला दिसत नाही. बाहेरचा चिठ्ठी लिहून फटीतून सरकवतो : 'मी तुझा मामा आहे, दार उघड.' आतल्यानं उत्तर लिहून परत सरकवायचं. मेसेज म्हणजे अशी चिठ्ठी, तिला तोंड नसतं, हे पोरांना एका तासात कळलं. प्रशिक्षणात मला दोन दिवस लागले होते.

खेळाचे नियम वर्गानंच ठरवले. पहिला : पाणी द्यायचं, पण दार पूर्ण उघडायचं नाही, मोठं माणूस येईपर्यंत बाहेरच बसवायचं. म्हणजे 'हो, आई आली की बोला' एवढं लिहायचं. दुसरा : खऱ्या माणसालाच माहीत असतील असे तीन प्रश्न विचारायचे. तिसरा : 'कुणाला सांगू नको' असं जो लिहील त्याचं पहिलं सांगायचं.

चौथा नियम माझा होता आणि तो मोठ्यांसाठी होता. मुलं सांगत का नाहीत, हे मला एव्हाना समजलं होतं. मार बसेल याची भीती त्यांना कमी असते, फोन काढून घेतील याची जास्त. म्हणून मी पालकांच्या सभेत सगळ्यांकडून हात वर करून घेतला : जे मूल आपण होऊन सांगेल, त्याचा फोन घ्यायचा नाही. आणि वर्गात मुलांना तसा शब्द दिला.

पायल तेव्हा चौथीत होती. वर्गात सगळ्यात कमी बोलायची आणि दाराच्या खेळात सगळ्यात पक्की होती. तिचे वडील बालाजी आणि आई सुमन दसरा झाला की तिच्या धाकट्या भावाला, बारक्याला, घेऊन ऊसतोडीला जातात, ते उन्हाळा लागल्यावर परततात. पायल घरी आजीजवळ राहायची. आजीचं नाव सोजरबाई, त्यांना कानाला कमी. घरात दोन फोन : एक आई-वडिलांबरोबर कारखान्यावर, एक पायलजवळ. संध्याकाळी आईचा फोन यायचा. कधी फडातून यायला उशीर झाला, कधी रेंज नसली, की यायचा नाही. त्या फोनचा तिला तेवढाच आधार होता.

वर्गाचा फोनवर ग्रुप होता. दर जूनला मी तो नव्यानं करायचे, हजेरीतले नंबर बघून टाकायचे. त्यावर गृहपाठ, सूचना आणि फोटो. फोटो जास्त, कारण तोडीला जाण्याआधी सुमन माझ्याजवळ येऊन म्हणाली होती, "मॅडम, रोज एक फोटो टाकत जा. पोरगी दिसती तेवढीच." तिच्यासारख्या आणखी सहा-सात आया होत्या. मग मी रोज टाकायचे. खाली नावं लिहायचे, म्हणजे सांगायला नको. 'पायल आणि तिची मैत्रीण वैष्णवी.' 'पायलने आज पोवाडा म्हटला.' दिवाळीनंतर कुणाचे आई-वडील बाहेर गेलेत आणि कोण मूल कुणाजवळ राहतंय याची यादीही मी तिथंच टाकली होती. नातेवाइकांनी एकदा तपासून घ्यावी म्हणून.

डिसेंबरातला सोमवार. मधल्या सुट्टीत मुलं बाहेर खिचडी खात होती, मी दार लोटून वह्या तपासत होते. फटीतून एक चिठ्ठी आत आली. मला वाटलं खेळ चाललाय. गणिताच्या चौकटीच्या वहीचा कागद, हिरव्या पेनानं तीन ओळी :

'बाई मामा सांगू नको म्हणाला.
म्हणून सांगते.
फोन घेऊ नका.'

मी दार उघडलं. पायल भिंतीला पाठ लावून उभी होती. खिचडीचं ताट हातात, न खाल्लेलं.

तिनं दप्तरातून फोन काढून दिला. एकोणीस दिवसांचे मेसेज होते. तो स्वतःला आईच्या टोळीतला मामा म्हणवत होता. पहिला मेसेज होता 'जेवलीस का?' दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच. एकोणीस दिवस, रोज संध्याकाळी, न चुकता. मग 'काय जेवलीस', 'आजी काय करते', 'आईची आठवण येते का'. मग 'एक फोटो पाठव, आईला दाखवतो'. तिनं गणवेशातला एक पाठवला होता. शेवटी, आदल्या दिवशी, त्यानं आणखी एक फोटो मागितला होता आणि लिहिलं होतं, हा आजीला दाखवायचा नाही, कुणाला सांगू नको. तिथं ती थांबली होती.

"पायल, तीन प्रश्न विचारायचे होते ना ग?" मी म्हणाले. आवाज चढला असेल.

"विचारले की बाई." तिनं मागं सरकवून दाखवलं. माझ्या बाईंचं नाव काय? मी कुणाजवळ बसते? मी काय म्हटलं होतं शाळेत? खाली तिन्ही उत्तरं. माझं नाव, आडनावासकट. वैष्णवी. पोवाडा.

"तिन्ही बरोबर आले," पायल म्हणाली. "मग मी मामा म्हणले."

मी तो नंबर माझ्या फोनवर घातला. वर नाव आलं : 'ओंकार पालक'.

ओंकार माझ्याच वर्गातला, त्याचे वडील गावात ट्रॅक्टर चालवतात. सरळ माणूस. तरी साधारण तासभर मी मनात त्यांना दोषी धरलं होतं, हे लिहून ठेवते. स्वामी सरांनी त्यांना निरोप धाडून बोलावून घेतलं. त्यांनी नंबर पाहिला आणि म्हणाले, "हे कार्ड लई दिसापूर्वीच बंद पडलं मॅडम. रिचार्जच केलं न्हाय. नवा नंबर ओंकारनं आणून दिलता की तुमाला, चिठ्ठीवर."

मी हजेरीपत्रकाच्या पुठ्ठ्याच्या खिशात हात घातला. चिठ्ठी तिथंच होती. दीड वर्षं. मी ती नंतर उतरवू म्हणून ठेवली होती आणि जूनमध्ये ग्रुप करताना पुन्हा जुनाच नंबर टाकला होता. बंद पडलेला नंबर कंपनी काही महिन्यांनी दुसऱ्याला देते. तो कुणाला मिळाला ते मला आजही माहीत नाही. पण त्या माणसाला मी स्वतः वर्गात घेऊन बसवलं होतं, रोज मुलांचे फोटो दाखवले होते, कोण मूल एकटं आहे त्याची यादी दिली होती. पायलनं नियम पाळला होता. उत्तरं मीच फोडली होती.

"ग्रुपवर तुमचं नाव नव्हतं, तर विचारायचं तरी," मी त्यांना म्हणाले.

"मला वाटलं तुमी काढलं आसंल," ते म्हणाले. "कसं इचारावं?"

बाकीचं जे करायचं ते केलं. कुणावर अशी वेळ आली तर उपयोगी पडेल म्हणून सांगते. मेसेज पुसायचे नाहीत. आधी पडद्याचे फोटो काढून ठेवायचे, नंबर लिहून घ्यायचा, मग ब्लॉक करायचा. मुलाला उत्तर द्यायला लावून 'त्याला पकडू' असली हुशारी करायची नाही. सायबर पोलिसांच्या हेल्पलाइनला फोन करायचा आणि ठाण्यात लेखी तक्रार द्यायची. मी त्याच दिवशी कळंबला जाऊन दिली. तिथल्या महिला पोलीस पोरसवदा होत्या, पण त्यांनी नीट लिहून घेतलं. तो नंबर संध्याकाळपर्यंत बंद झाला होता. पुढं चौकशीचं काय झालं ते मला कळवण्यात आलेलं नाही.

आता जे केलं नाही ते.

त्याच दिवशी, ठाण्यात जायला निघताना, स्वामी सर म्हणाले होते, "मॅडम, एक ऐका. पोलिसाला खरं सांगा. पण गावात ग्रुपचं काढू नका. कुणा अनोळखी माणसाला नंबर लागला, एवढंच सांगा. नायतर तुमच्यावर येईल, शाळेवर येईल, अन् उद्या लोक पोरी पाठवायचं बंद करतील."

सर वाईट माणूस नाहीत. मला त्यांचं पटलं असंही नाही. पण सोपं वाटलं. बालाजीला फोन लावला तेव्हा मी तेवढंच सांगितलं. तो म्हणाला, "आजीला म्हणावं फोन फोडून टाक."

"फोडू नका. पुरावा आहे तो. आणि तिनं आपण होऊन सांगितलंय. आपलं ठरलं होतं, सांगणाऱ्याचा फोन घ्यायचा नाही."

"ठरलंतं मॅडम. पर तुमाला पोरगी हाय ना?"

फोन फुटला नाही. सोजरबाईंनी तो ज्वारीच्या कणगीत घातला. संध्याकाळी सुमनचा फोन आला की कणगीतून वाजायचा आणि थांबायचा. सोजरबाईंना ऐकू येत नव्हतं. पायलला यायचं. ती हे मला दुसऱ्या दिवशी सांगून गेली. तक्रार म्हणून नाही. नुसतं सांगितलं.

गावात मधे चार दिवस गेले. चार दिवसांत गिरणीवर, हापशावर गोष्ट फिरली, आणि फिरताना तिला आपला आकार आला. पोरगी कुणाशी तरी फोनवर बोलत होती. आई-बाप नाहीत म्हटल्यावर काय होणार. वैष्णवीची आई येऊन म्हणाली, "मॅडम, माझ्या पोरीची जागा बदला." मी बदलली नाही, पण का बदलत नाही तेही सांगितलं नाही. पायल बाकावर एका टोकाला बसायची आणि वैष्णवी दुसऱ्या. मधे दप्तर.

मी चार दिवस रोज ठरवायचे, आज सांगते. शाळा सुटली की स्कूटीला किक मारून कळंबला यायचे. भाकरी टाकायचे. त्या मेसेजांतलं एकच वाक्य पुन्हा पुन्हा आठवायचं. जेवलीस का. मलाही हे कुणी विचारून बरेच दिवस झाले होते. त्या पोरीनं उत्तर का दिलं, हे मला प्रशिक्षणातल्या कुणाहीपेक्षा चांगलं कळत होतं, आणि तरी मी गप्प होते.

शुक्रवारी सकाळी शाळेत पोचले तर ओंकार धावत आला. "बाई, पायलचे पप्पा आलेत. घेऊन चालले तिला." मी तशीच स्कूटी वळवून फाट्यावर गेले. बालाजी मुकादमाकडून एक दिवसाची सुट्टी घेऊन आला होता. हातात पत्र्याची पेटी. पायल त्याच्यापासून हातभर अंतर ठेवून उभी. गणवेशातच होती. दुसरे धड कपडे नसावेत.

मी एका दमात सगळं सांगितलं. नंबर, चिठ्ठी, यादी, फोटो. तिनं नियम पाळला, मी चुकले. फाट्यावर आणखी चार-पाच माणसं एसटीची वाट बघत होती, त्यांनीही ऐकलं. त्यांनी ऐकावं म्हणूनच मी मोठ्यानं बोलले.

बालाजीनं पेटी खाली ठेवली. "मॅडम, हे सोमवारी बोलला असता तर मी आलोच नसतो." मग म्हणाला, "आता मुकादमाला सांगून बसलो. तिची आई तिथं जीव टाकायलीय. पोरगी नजरंसमोर असू द्या. बारक्याला सांभाळंल."

मी पायलकडं पाहिलं. ती म्हणाली, "फोन घेतला ना, बाई."

एसटी आली. चढताना तिनं मागं पाहिलं नाही.

त्या रविवारी मी पालकांची सभा घेतली आणि तेच सगळं पुन्हा सांगितलं. वरून मला लेखी खुलासा द्यावा लागला, तो दिला. माझ्यावर आभाळ कोसळलं नाही, कुणी पोरी पाठवायचं बंद केलं नाही. ज्या भीतीनं चार दिवस गप्प बसले ती इतकीच होती. ग्रुपवरचे फोटो बंद केले. एक-दोन आया रुसल्या. आता ज्यांना मूल बघायचं असतं त्यांच्याशी मी मधल्या सुट्टीत थेट बोलणं करून देते. वेळ जातो. वर्षातून दोनदा, जूनला आणि दिवाळीनंतर, सगळे नंबर फोन लावून तपासते. दाराच्या खेळात एक गोष्ट वाढवली : तीन प्रश्न असे हवेत की ज्यांची उत्तरं कुठल्याच ग्रुपवर नाहीत. पोरं विचारतात, असं काय असतं बाई? मग आम्ही शोधतो. फार थोडं असतं.

सुमनला मी दर रविवारी फोन करायचे. पुस्तकं पाठवली होती, कुठलं पान करायचं ते सांगायचे. पायलला फोन द्या म्हटलं की सुमन हळूच म्हणायची, "येत न्हाय मॅडम ती फोनवर. कुणाच्याच." एप्रिलमध्ये ते परतले आणि गावाबाहेर शेतातल्या वस्तीवर राहू लागले. पाचवीत घातल्याचा निकाल मी सोजरबाईंच्या हाती पाठवला. पायल काही आली नाही. शाळा सोडल्याचा दाखलाही कुणी मागितला नाही. यंदा ती शाळेत आली नाही तर दसऱ्याला पुन्हा फडावर जाणार, आणि दोनदा गेलेली पोर तिसऱ्यांदा शाळेत येत नाही. हे मी इतक्या वर्षांत पाहिलेलं आहे.

तर १४ जून. छत्तीस फोन झाले तेव्हा उन्हं उतरली होती. सदतिसावा लावला. हा क्रमांक सध्या सेवेत नाही. पुन्हा लावला. मग लाल पेनानं तोही खोडला आणि कुकर लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटी काढून वस्तीवर गेले. पत्र्याचं एका खोलीचं घर, भोवती रान. सगळे रानात गेलेले दिसत होते. दार आतून लावलेलं. मी कडी वाजवली.

"कोण?"

"मी. शाळेतल्या बाई."

आवाज ती ओळखत होती, यात मला शंका नाही. तरी म्हणाली, "कशावरून?"

मी पायरीवर उभी राहून विचार केला. माझं नाव सांगून उपयोग नव्हता. वैष्णवी, पोवाडा, सगळं गावाला माहीत होतं. गेलेल्या वर्षातलं एवढंच आठवलं जे मी कुणाला दाखवलं नव्हतं, ठाण्यातसुद्धा दिलं नव्हतं.

"चौकटीच्या वहीचा कागद होता," मी म्हणाले. "हिरवं पेन. तीन ओळी."

"तिसरी काय होती?"

"फोन घेऊ नका."

बारका आत रडायला लागला आणि थांबला.

"मग?" ती म्हणाली.

"मी घेतला नाही. पण मी चार दिवस गप्प बसले, म्हणून तो गेला. तू बरोबर केलंस. सगळं बरोबर केलंस."

कडी सरकली. दार वीतभर उघडलं, तेवढंच, आणि फटीतून पाण्यानं भरलेला तांब्या बाहेर आला. मी तो घेतला. दार पुन्हा लागलं.

"आजी रानात गेलीय. येईपर्यंत बसा," आतून आवाज आला. मग थोड्या वेळानं, "शाळा उद्या किती वाजता?"

"साडेनऊला."

नवीन नंबर घ्यायला गेले होते. तो विचारला नाही. पाणी प्यायले आणि आजी येईपर्यंत पायरीवर बसून राहिले.